तणसावरची रात्र

नागपूरला थंडी पडते, हे बाहेरच्या माणसाला पटवून द्यावं लागतं. संत्री, कूलर आणि मे महिना एवढ्यावर या शहराची कीर्ती आटोपलेली. पण २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे इथला पारा ३.५ अंशांवर आला होता, आणि त्या आठवड्यात आमच्या गल्लीतले लोक घरातली मोडकी खुर्चीसुद्धा शेकोटीत घालायला निघाले होते. बर्फ तेवढा पडत नाही. त्याची खंत फक्त माझ्या भाच्याला आहे.

भाचा ड्रम वाजवतो. त्याच्या आईच्या मते तो ड्रमशी भांडतो. त्याचा चार पोट्ट्यांचा बँड आहे आणि ते जे वाजवतात त्याला हार्डकोर पंक म्हणतात. मोबाइलवर तो मला अमेरिकेतल्या कुठल्याशा गावचे व्हिडिओ दाखवतो. बाहेर गुडघाभर बर्फ, आत चर्चच्या तळघरात पन्नास-साठ जण एकमेकांवर आदळत नाचताहेत (या घोळक्याला ते पिट म्हणतात) आणि गाणारा त्यांच्यातच कुठेतरी हरवलाय. "मामा, आपल्याकडे असं काहीच नाही ना," तो म्हणतो. हॉलचं भाडं परवडत नाही, कॅफेवाल्याला आवाज सोसत नाही आणि दहाच्या ठोक्याला सगळं बंद. गेल्या जानेवारीत मी त्याला म्हटलं, चल, तुला एक शो दाखवतो. आपला, इकडचा. बाहेर थंडी असेल.

"आणि आत?"

"आत नाहीच. सगळं बाहेरच."

दिघोरी नाक्यावरून उमरेड रस्त्याला लागलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. आम्हाला जायचं होतं वडशाला. नकाशावर देसाईगंज, लोकांच्या तोंडी आणि रेल्वेच्या पाटीवर वडसा. वैनगंगेच्या पलीकडचं, गडचिरोली जिल्ह्याच्या उंबरठ्यावरचं हे गाव म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी संपली की होळीपर्यंत इथे रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात नाटक असतं. एक नाही, अनेक गावांत, एकाच वेळी. रात्री सुरू होतं आणि उजाडताना संपतं.

भाच्याने 'नाटक' हा शब्द ऐकला आणि सीट मागे करून डोळे मिटले. पाचगाव मागे पडेपर्यंत बोलला नाही.

उमरेडला कोळसा आहे. रस्त्यावरूनच वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींतून निघालेल्या मातीचे डोंगर दिसतात, आणि परक्या माणसाला ते खरे डोंगर वाटतात. पुढे जंगल सुरू होतं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली झालं आणि 'जय' नावाच्या वाघाने ते गाजवलं. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला, तो झालाच. भिवापूरला मिरची. तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, आम्ही फक्त तिची भजी खाल्ली. भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडही एकदाचं उघडलं.

मग त्याने मला पंकचा इतिहास सांगितला. मी तो नीट ऐकला, कारण पुढे उपयोगी पडणार होता. पंक सत्तरच्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क-लंडनमध्ये उगवला. ऐंशीच्या आसपास कॅलिफोर्नियातल्या आणि वॉशिंग्टनमधल्या पोरांनी त्याला आणखी वेगवान, आणखी चिडका केला, तो हार्डकोर. गाणं मिनिट-दीड मिनिटाचं. रेकॉर्ड कंपन्या दारात उभं करेनात, तर यांनी आपल्याच कंपन्या काढल्या. वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेट बँडमधल्या दोघांची डिस्कॉर्ड १९८० सालची. सुरुवातीच्या रेकॉर्डची पाकिटं या पोरांनी घरी बसून कात्रीने कापली आणि डिंकाने चिकटवली. त्यातल्याच एकाचा पुढचा बँड फुगाझी. मोठं नाव झाल्यावरही त्यांचा आग्रह असे की तिकीट पाच डॉलरच्या आसपासच राहील आणि शो सगळ्या वयांना खुला असेल. दारू विकून चालणाऱ्या जागेत शाळेतल्या पोराला आत घेत नाहीत, म्हणून चर्चचं तळघर, समाजमंदिर, कोणाचं गॅरेज.

"म्हणजे कोणाचं अनुदान नाही, कोणाचा हॉल नाही, आपलं आपण," मी म्हटलं.

"हो ना. म्हणूनच तर ते खरं आहे."

"मग लाव सीट सरळ."

नागपूरहून नागभीडला पूर्वी नॅरोगेज गाडी जायची. शतकभर ती या रस्त्याशी लपंडाव खेळत धावली. २०१९ मध्ये रूळ रुंद करायचे म्हणून बंद झाली. नाटकवाल्यांच्या जुन्या पिढीकडे या गाडीच्या गोष्टी पोत्याने आहेत: ट्रंका टपावर, तबला मांडीवर, आणि चढावर गाडी इतकी हळू की उतरून लघवी करून परत चढता येई.

नागभीडच्या अलीकडेच जमीन बदलते. कापूस-सोयाबीनची काळी रानं संपतात आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला, पाणी अडवणारा चौकोन. नकाशासारखा आखलेला तो प्रदेश जानेवारीत पिवळसर, कोरडा, कापलेल्या धानाच्या बुडख्यांनी भरलेला असतो. मधूनच एखाद्या बांधीत लाखोरीचा हिरवा गालिचा. कडेला कापलेल्या धानाचे ढीग, म्हणजे पुंजणे, रचलेले, काही चुरून म्हणजे मळून झालेले. याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचा अल्पभूधारक शेतकरी होता. १९८३ साली आपल्या बांधीत त्याला काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्याने निवडल्या, जपल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या. त्यातून जो बारीक तांदूळ निघाला तो आज देशभर एचएमटी नावाने खाल्ला जातो. नाव कुठून आलं? तेव्हा लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून. शाळा तिसरीपर्यंत झालेले दादाजी ३ जून २०१८ ला वारले. या रस्त्यावर त्यांच्या नावाची कमान असायला हवी होती असं मला दर वेळी वाटतं.

दुसरी गोष्ट तलावांची. झाडीपट्टीत जवळपास सात हजार मालगुजारी तलाव आहेत. बहुतेक कोहळी समाजाने बांधलेले. परंपरा अशी सांगते की चांद्याच्या गोंड राजांनी फर्मान काढलं, जंगल तोडून जो गाव वसवील त्याला तो गाव, जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन. कोहळ्यांना उतार वाचता येई. पाटबंधारे खातं जन्मायच्या आधी त्यांनी एका तलावाचा सांडवा दुसऱ्या तलावात सोडून पाण्याची साखळी केली. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, गाळ साचला. तरी धान अजून त्यांच्यावरच पिकतो. आणि धान पिकतो म्हणून नाटक होतं. दिवाळीच्या आसपास कापणी, मग चुरणी, मग हातात पैसा आणि पुढचे तीन-चार महिने बांधी मोकळी. रंगमंचाला जागा आणि प्रेक्षकाला फुरसत, दोन्ही एकाच पिकाने दिलेली.

नागभीडच्या चहाच्या टपरीवर एक म्हातारबा भेटले. तरुणपणी दंडारीत, म्हणजे इकडच्या लोकनाट्यात, नाचायचे. "आमच्या टाइमले येवढा नाटक कुटं होता जी? दंडार होती, खडी गंमत होती," त्यांनी सांगितलं. बोलताना त्यांचा डोळा 'डोरा' होत होता आणि पाणी 'पानी'. ही झाडीबोली, तिच्यात 'ळ'ला आणि 'ण'ला जागा नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिचा अभ्यास मांडेपर्यंत शिकलेली माणसं तिला अशुद्ध मराठी समजत. खडी गंमत म्हणजे नावाप्रमाणे उभ्याने करायची गंमत. ना मंच, ना पडदा. ढोलकी, डफ, तुणतुणं, मंजिरा. मधे शाहीर, बाईच्या वेशात पुरुष नाच्या, आणि चारी बाजूंनी लोक. कधी दोन शाहीर समोरासमोर ठाकतात, एक कलगीचा एक तुऱ्याचा. एक म्हणतो शक्ती थोर, दुसरा म्हणतो शिव थोर, आणि रात्रभर सवाल-जवाब झडतात. या दंडारी-गमतीच्या अंगावर शंभरेक वर्षांपूर्वी संगीत नाटकाचा अंगरखा चढला आणि झाडीपट्टीचं नाटक उभं राहिलं. आधी गावचेच लोक करायचे, पाटलाचा पोरगा राजा आणि न्हाव्याचा पोरगा राणी. मग त्याचा धंदा झाला.

भाचा म्हाताऱ्याला म्हणाला, "म्हणजे स्टेजच नव्हतं?"

"टेज कायले पायजे बाप्पा? पाय होते ना."

ब्रह्मपुरीला थांबलो नाही. वैनगंगेचा पूल ओलांडला. हिवाळ्यात नदी आटून वाळूच्या मधोमध निवांत वाहते, तिच्याकडे पाहून पावसाळ्यात ती किती गावं वेठीला धरते याची कल्पना येत नाही. पलीकडे वडसा.

वडशाच्या बाजारात मी भाच्याला मुद्दाम पायी नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाट्यमंडळांची कार्यालयं. किराणा, नाट्यमंडळ, सलून, नाट्यमंडळ, कृषी केंद्र, नाट्यमंडळ. अशी पन्नासेक मंडळं. प्रत्येकाच्या दारात भडक रंगांचे फ्लेक्स, नायिकेच्या डोळ्यांत अश्रू, खलनायकाच्या हातात सुरा किंवा बाटली, कोपऱ्यात विनोदी नट दात काढून. आत टेबलावर तारखांची वही. दिवाळीच्या सुमारास गावोगावचे लोक इथे येतात, नाटक निवडतात, नटी कोण ते विचारतात, घासाघीस करतात आणि विसार देऊन तारीख पक्की करतात. गावाने मंडळाला ठरलेली रक्कम द्यायची, तिकीट गावाने विकायचं. नफा गावाचा, तोटाही गावाचा. राहिलेल्या पैशातून कुठे देवळाचा सभामंडप होतो, कुठे शाळेची भिंत.

पुण्या-मुंबईत नाटकाविषयीची चर्चा नेहमी रडून सुरू होते: प्रेक्षक नाही, नाट्यगृहं गळतात, अनुदान अडलं. मी स्वतः ती बरीच ऐकलीय, थोडी केलीही आहे. वडशात या तिन्ही गोष्टींचा उल्लेख होत नाही, कारण इथे नाट्यगृहच नाही. अनुदानाची वाट पाहायला कोणाला वेळ नाही. आणि प्रेक्षक इतका आहे की नागपूरचे नट-नट्या हंगामात इकडे राहायला येतात. दिल्लीला याची खबर जरा उशिरा लागली. कुरखेडा तालुक्यातले विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तोवर त्यांच्या हजारो रात्री रंगमंचावर उलटून गेल्या होत्या.

आम्ही नाटक पाहणार होतो ते गाव कुरखेडा रस्त्यावरून आत होतं. नाव सांगत नाही, कारण पुढे काही गोष्टी सांगायच्या आहेत. त्या दिवशी तिथे शंकरपट होता. बैलजोड्यांची शर्यत, सरळ रेषेत, घड्याळावर. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा इथल्या नाटकांनाही धक्का बसला, कारण दिवसा पट आणि रात्री नाटक ही जोडी फार जुनी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये न्यायालयाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. आम्ही पोचलो तेव्हा शेवटची जोडी सुटत होती. धूळ, आरडाओरडा, आणि एका बैलाच्या शिंगाला बांधलेला गुलाबी फुगा, जो शर्यतभर फुटला नाही.

गडचिरोली म्हटलं की बाहेरच्या माणसाला बंदूक आठवते. मला तिथे संध्याकाळी आठवलं ते लग्नघर. प्रत्येक अंगणात पाहुणे. माहेरवाशिणी आलेल्या, जावई आलेले, चुलीवर मोठाली पातेली. आमच्या यजमानीण बाई म्हणाल्या, दिवाळीले पोरगी येते नाही येते, नाटकाले येतेच. आणि हळूच त्यांनी भाच्याकडे पाहून विचारलं, "याचं झालं का जी?" नाटकाच्या निमित्ताने सोयरीक जमवायची ही इथली रीत. मुलगी पाहायला वेगळं जायला नको. अर्धा तालुका आज रात्री तिकीट काढून एका बांधीत बसणार असतो. पोराने कानातली बाळी हळूच काढून खिशात टाकली.

ती बांधी गावाबाहेर होती. भोवती कनात, एका टोकाला बांबू-फळ्यांचा रंगमंच, त्यावर रंगवलेले पडदे: महाल, जंगल, गरिबाचं घर. पुढे काही खुर्च्या, मागे सगळी जमीन, आणि जमिनीवर तणस अंथरलेलं. तणस म्हणजे धानाचा पेंढा. बायका दुपारीच चटया टाकून जागा धरून गेल्या होत्या. आता त्या लेकरांसकट, वाकळा-चादरींसकट येऊन बसल्या. दहा वाजेपर्यंत सगळी बांधी गच्च. धुऱ्यावरही माणसं. दहाला आवाज बंद करायचा नियम इथे कोणाला आठवत नव्हता, मीही आठवण करून दिली नाही.

नाटकाच्या आधी सत्कार. सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, माजी हे, भावी ते. नारळ, शाल, भाषण. लोकांनी शिट्या मारून त्यांना खाली उतरवलं आणि अकराला एकदाचा पडदा वर गेला.

कथा सांगण्यात अर्थ नाही. दारूपायी बांधी गहाण टाकणारा थोरला भाऊ, सोसणारी वहिनी, शहरात शिकायला गेलेला धाकटा, गोड बोलणारा सावकार. आपण सगळ्यांनी पाहिलेलं. पण रंगमंचासमोर, खाली, एक मांडणी होती ती मी अशी कुठे पाहिलेली नाही. ऑर्गनवाला, तबलजी आणि ऑक्टोपॅडवाला प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेले. वरून माइक लोंबत होते, त्यामुळे महत्त्वाचं वाक्य आलं की नट चालत माइकखाली येई, बोले, आणि मग पुन्हा आपल्या दुःखाच्या जागी जाई. आणि रंगमंचाच्या अगदी कडेला, मधोमध, डोक्यावरून घोंगडं घेतलेला प्रॉम्प्टर.

पहिल्या अंकात मी त्याच्या बाजूला सरकलो. घोंगड्याच्या आत छोटी बॅटरी, तिच्या उजेडात वही; कोपरे झिजून गोल झालेले, पानांवर चहाचे डाग, काही वाक्यं निळ्या शाईने खोडून वर पेन्सिलीने नवीन. सगळं नाटक तो वाचतो. सगळ्यांचं. एक वाक्य पुढे राहून, न थांबता. वहिनी ऊर फोडून रडत होती आणि हा तिचं रडणं किराण्याची यादी वाचावी तसं पुरवत होता: देवा, कोणत्या जन्माचं पाप, अरे बोल, आता बोल, हुंदका. नट रोज वेगळ्या गावी, कधी दोन वेगळी नाटकं, तालमी फार नाहीत. नाटक नटाच्या डोक्यात राहत नाही, या वहीत राहतं.

दुसऱ्या अंकात थोरल्याने बांधीच्या कागदावर अंगठा उठवला तेव्हा पुढच्या रांगेतली एक आजी उठून उभी राहिली. "मेल्या, धान विकून पेलास, आता बांधी बी विकतेस?"

नट थांबला. माइकखाली आला, हात जोडले. "आजी, तुमीच घ्या ना जी विकत, घरातल्या घरात राहीन!"

बांधीभर हशा. आजी पदराने तोंड झाकून खाली बसली. आणि मी पाहिलं, घोंगड्यातलं बोट वहीत त्याच ओळीवर टेकून थांबलेलं होतं. हसणं ओसरलं तशी बोटाखालची ओळ पुढे सरकली आणि नट पुन्हा दारुड्या झाला. मंचाकडे कोणीतरी शंभराची नोट पाठवली. नाव-गावासकट ती माइकवर जाहीर झाली.

भाचा एव्हाना स्पीकरच्या भिंतीला टेकून उभा होता. ऑक्टोपॅडवाल्याच्या हाताकडे टक लावून. तो माणूस दार वाजलं, विंचू चावला, सावकार आला, पाऊस पडला, सगळं त्या आठ रबरी चौकोनांतून काढत होता, संवाद ऐकून, आयत्या वेळी. दीडच्या सुमारास नाच आला. नायिकेची मैत्रीण, नऊवारी, पण गाणं कुठल्याच काळातलं नाही. मागची सगळी पोट्टी धुरे ओलांडून पुढे धावली. तणस उधळलं, धूळ उठली, लाठ्या घेतलेले स्वयंसेवक आधी ओरडले आणि मग स्वतःच नाचायला लागले. त्या घोळक्यात मला भाच्याचा काळा टी-शर्ट एकदा दिसला, एकदा दिसला नाही. दहा मिनिटांनी तो परत आला तेव्हा केसांत तणसाच्या काड्या होत्या आणि पायात एकच चप्पल.

"मामा, हे तर पिटच आहे ना!" तो कानाशी ओरडला. मला वाटलं होतं त्याला मंच-प्रेक्षक यांच्यातलं नसलेलं अंतर दिसेल, तिकिटाचा हिशेब पटेल. त्याला फक्त धक्के आवडले. तेही ठीक.

इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही: मधला तासभर कंटाळवाणा होता. विनोदी नटाचे बाईच्या अंगावर जाणारे विनोद लांबत गेले, आणि बायकाही हसत होत्या म्हणून ते मला जास्त सलले. तालमींच्या अभावाला उत्स्फूर्तता म्हणायची माझी तयारी नाही. पण या चौकटीत बसूनच नवरगावच्या सदानंद बोरकरांसारख्यांनी शेतकऱ्याच्या आत्महत्येवर 'आत्महत्या' हे नाटक लिहिलं. जो शेतकरी ते पाहायला बसला होता तो कर्ज काढून पेरलेल्या बांधीतून उठून आला होता. मुंबईच्या वातानुकूलित थिएटरात तो विषय लोक समजून घेतात. इथे समजून घेण्यासारखं काही उरलेलं नसतं.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. रंगमंचावरचा थोरला भाऊ रिकाम्या बाटलीतून पाणी पीत होता. कनातीच्या मागच्या अंगाने मोहाचा वास येत होता.

तीननंतर थंडी जमिनीतून वर आली. वरून पडणारी थंडी चादरीने अडवता येते, ही अडवता येत नाही. बाया लेकरांना कुशीत घेऊन एकाच वाकळेत चौघी-चौघी झाल्या. कोणाची कोण हे मला ठाऊक नसलेल्या एका मावशीने आपल्या चटईचा कोपरा उचलून "बसा जी भाऊ, तणसात पाय खुपसा" म्हटलं. पाय खुपसले. खाली खरंच ऊब होती. चार तास माणसांनी बसून साठवलेली. आलूबोंडा आणि गरम रस्सा कागदी द्रोणातून हातोहात रांगेच्या टोकापर्यंत गेला आणि पैसे त्याच वाटेने परत आले, एक रुपया कमी नाही. उठून कोणी गेलं नाही. झोपलेले होते पुष्कळ, पण जागेवर, आणि वहिनीने सावकाराच्या कानाखाली वाजवली तेव्हा शेजारी घोरणाऱ्या म्हाताऱ्याने डोळे न उघडता टाळी वाजवली.

पावणेपाचला पडदा पडला. गाणं नाही, नमस्कार नाही, आभार नाहीत. लोक एकदम उठले आणि धुक्यात आपापल्या दिशेने फुटले.

मंचामागे मंडळाची गाडी भरली जात होती. महाल गुंडाळला, त्यावर जंगल गुंडाळलं. वहिनी स्वेटर घालून खोबरेल तेलाने रंग पुसत होती. अर्धा चेहरा सोसणारा, अर्धा नागपूरच्या कुठल्याही बसस्टॉपवर दिसेल असा. ती दर हंगामाला येते. झोप गाडीत, आंघोळ मिळेल त्या गावात. आज रात्रीचा प्रयोग ऐंशी किलोमीटरवर होता, वेगळं नाटक. त्यात ती काय करते, मी विचारलं.

"सासू," ती म्हणाली आणि हसली.

भाचा ऑक्टोपॅडवाल्याला वायर गुंडाळू लागत होता. त्या दोघांचं आधी काय बोलणं झालं मला कळलं नाही. ऑक्टोपॅडवाल्याने त्याला एक ठेका दाखवला, यानेही मांडीवर काहीतरी फार वेगात वाजवून दाखवलं. ऑक्टोपॅडवाला म्हणाला, "चांगला आहे, पन यावर रडंल कोन?"

शाळेच्या ओट्यावर गावकऱ्यांचा हिशेब सुरू झाला होता, नोटांच्या चळती विटांखाली दाबून. आम्ही चप्पल शोधायला परत बांधीत आलो. चप्पल काही सापडली नाही. उजाडत होतं. बांधीचा मालक आणि त्याचा पोरगा तणस गोळा करत होते. मुठीने उचलायचे, झटकायचे, शेंगांची टरफलं, द्रोण, तिकिटांचे तुकडे खाली पडू द्यायचे आणि साफ पेंढी बैलबंडीत टाकायची. काल पटात धावलेली जोडी बंडीला जुंपलेली होती. त्यातल्या एकाने मान वळवली आणि बंडीतून एक तोंडभर ओढून घेतलं. शिंगाला गुलाबी फुग्याचा दोरा अजून होता.